स्लिम डब्यात ग्राफिक्स कार्ड : बसेल का, चालेल का?

चादरवाला
नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे (नाव चादरवाला असलं तरी. चादरी वडिलांच्या काळात होत्या). ऑफिसातला कॉम्प्युटर म्हणजे डेलचा ऑप्टिप्लेक्स ७०१०, तो आडवा चपटा प्रकार. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेला. प्रोसेसर आय५ ३४७०, रॅम ४ जीबी, हार्डडिस्क ५०० जीबी. यावर जेकार्डची (मागावर नक्षी विणवणारं यंत्र) डिझाइनं होतात, बिलं होतात आणि संध्याकाळी पुतण्या बसतो. हल्ली फार रडतो. कॉम्प्युटर, पुतण्या नव्हे.

नवी पेठेत एका दुकानात विचारलं तर म्हणाले ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारा वेगळा भाग) टाका, पळायला लागेल. दुसऱ्या दुकानात म्हणाले या डब्यात कार्ड बसतच नाही. दोघांनीही डबा पाहिलेला नाही.

प्रश्न एवढाच की कार्ड बसतं की नाही हे पैसे देण्याआधी कसं ओळखायचं? सात-आठ हजारांपर्यंत जाऊ शकतो.

कडक भाकरी
वाचतोय. माझ्याकडे असाच डबा आहे, सध्या त्यावर कुंडी ठेवली आहे.

गड्ड्यातला पाळणा
मालक, आधी हे सांगा, तुमी त्यावर काय करालाव? टॉवेलच्या डिझाइनला ग्राफिक्स कार्ड लागतंय म्हणून कुणी सांगितलं बे?

मोजपट्टी
दुकानदार दोघंही अर्धे बरोबर. कार्ड बसतं, पण कुठलंही बसत नाही. चादरवाला, डबा बंद करा, वायर काढा, झाकण उघडा आणि घरातली शिवणकामाची टेप घेऊन बसा. मी असे पंचवीस-तीस डबे उघडले असतील, त्यावरून सांगतो.

उंची आधी बघा. चपट्या डब्यात अर्ध्या उंचीचं कार्ड लागतं, लो प्रोफाइल म्हणतात ते. मागची जी पत्र्याची पट्टी डब्याला स्क्रूने बसते ती पूर्ण कार्डाची १२ सेंटिमीटर असते, लो प्रोफाइलची ८. दुकानात कार्ड हातात घेतल्यावर पट्टी लांब दिसली तर लगेच ठेवून देऊ नका. बऱ्याच कार्डांच्या खोक्यात दुसरी, छोटी पट्टी वेगळी दिलेली असते. सेकंडहँडवाल्यांकडे ती नेमकी हरवलेली असते.

मग जाडी. पंखा मोठा असेल तर कार्ड दोन स्लॉटांची (स्लॉट म्हणजे बोर्डवरची कार्ड खोचायची जागा) जागा खातं. तुमच्या डब्यात निळा लांब स्लॉट कुठे आहे आणि त्याच्या शेजारी काय आहे ते बघून सांगा. शेजारी पॉवर सप्लायची पेटी चिकटून असेल तर दोन स्लॉटचं कार्ड विसरा.

तिसरी गोष्ट वीज, आणि लोक फसतात ती इथेच. हा निळा स्लॉट, म्हणजे पीसीआयई एक्स१६, नियमाने जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. पण स्लिम ऑफिस डब्यांच्या बऱ्याच मॉडेलांत कंपनीने हाच आकडा कमी ठेवलेला असतो, काहींत २५, काहींत ३५. डब्यावर सर्व्हिस टॅग नावाचा नंबर असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकला की मॅन्युअल मिळतं. ते वाचा. कंटाळवाणं आहे, पण फुकट आहे.

लांबी मात्र सगळ्यांत कमी त्रासाची. लो प्रोफाइल कार्डं मुळात आखूड असतात. तरी डिस्कच्या वायरी आड येतात का बघा.

पुणेरी पगडी
तेरा-चौदा वर्षं जुन्या मशीनवर आठ हजार घालणं म्हणजे म्हातारीला नथ. तिसऱ्या पिढीच्या आय५ वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवा टॉवर जोडा आणि मोकळे व्हा.

गड्ड्यातला पाळणा
पुण्याहून सल्ला आला, "नवा घ्या". पैशाचं पाकीट मात्र कुरिअरने आलं नाही.

होटगी रोड
मोजपट्टींच्या विजेच्या मुद्द्याला माझी जळकी पुरवणी. मी अतिहुशारी केली होती. सहा पिनांचा प्लग लागणारं कार्ड आणलं, स्लिम डब्यात तसली वायर नव्हती, म्हणून साटा (डिस्कला वीज देणाऱ्या) प्लगवरून सहा पिना करून देणारा जोड ऑनलाइन मागवला. तीन आठवडे मस्त चाललं. मग ऐन मे महिन्यात एक दिवस पंखा लावूनही खोलीत वास सुटला. जोडाचं प्लास्टिक वितळून प्लगला चिकटलं होतं.

नंतर हिशेब कळला. साटा प्लगात १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. सहा पिनांचं कार्ड त्याच वायरीकडून ७५ मागू शकतं. कार्डावर वेगळा प्लग दिसला तर स्लिम डब्यासाठी ते कार्ड नाहीच, एवढं एक सूत्र धरलं असतं तर माझा पॉवर सप्लाय वाचला असता. तो पण साधा मिळत नाही. या डब्यांच्या पेट्यांचा आकार कंपनीचा आपला आपला असतो, बाजारातली एटीएक्स पेटी आत जातच नाही.

शिलाई मशीन
मी युनिफॉर्मचं युनिट चालवते, आमच्याकडे असे चार डबे आहेत. दोन स्क्रीन हव्या होत्या म्हणून मीही कार्डाच्या मागे लागले होते. एका भल्या माणसाने सांगितलं, ताई, मागे बघा. मागे एक व्हीजीए आणि दोन डिस्प्लेपोर्ट होते, एचडीएमआय नव्हता. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयचा साधा जोड आणला, काही शेकड्यांत काम झालं. चादरवाला, तुम्हाला नक्की काय हवंय? वेग, की जास्तीची स्क्रीन?

चादरवाला
सगळ्यांचे आभार. गड्ड्यातला पाळणा, प्रश्न रास्त आहे. डिझाइनची फाइल उघडायला चहा पिऊन होतो. तेवढं जलद झालं तरी पुरे.

जुना माग
थोडं अवांतर, पण मुद्द्याचं आहे.

आमच्या आजोबांच्या मागावरही कार्ड होतं. जेकार्डच्या डोक्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरायची. भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली. जोसेफ मेरी जाकारने १८०४ च्या सुमारास ही युक्ती फ्रान्समध्ये बसवली, आणि पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी भोकांच्या कार्डांची कल्पना उचलली. म्हणजे सोलापुरात ग्राफिक्स कार्ड कॉम्प्युटरच्या आधी पोचलं होतं. त्याला वॅट लागत नव्हते, फक्त उंदरांपासून जपावं लागायचं.

आता हिशेब करा. तुमचं इलेक्ट्रॉनिक जेकार्ड २६८८ हुकांचं धरू (हूक म्हणजे धागा वर उचलणारा). डिझाइनमधला एक ठिपका म्हणजे एक हूक आणि एक आडवा धागा. टॉवेलची लांबी ४००० आडव्या धाग्यांची धरली तरी चित्रात एक कोटी सात लाखांच्या आसपास ठिपके झाले. रंग मोजून आठ-दहा, म्हणजे ठिपक्याला एक बाइट पुरे. सगळी फाइल अकरा एमबीच्या आत! मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो यापेक्षा जड असतात. एवढ्यासाठी ग्राफिक्स कार्ड म्हणजे अंगठीसाठी हत्ती. तुमचा वेळ खाते ती जुनी हार्डडिस्क आणि ४ जीबी रॅम.

मोजपट्टी
जुना माग यांना पूर्ण अनुमोदन. त्यात भर म्हणजे बोर्डवरचं इंटेलचं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, तुमच्या रॅममधूनच घेतं. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी तशीच लावा, ग्राफिक्सलाही फरक पडतो. एसएसडी (हार्डडिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम. कार्ड शून्य.

निवांत
धागा संपला का मग? मी शेंगा भाजायला घेतल्या होत्या.

चादरवाला
संपला नाही हो. इतका वेळ लाज वाटत होती, आता सांगतो. कार्डाचा हट्ट माझा नाही, पुतण्याचा आहे. बारावी झाली, ॲनिमेशनचा कोर्स लावलाय. त्याला ब्लेंडर हा ॲनिमेशनचा प्रोग्रॅम लागतो. नवं ब्लेंडर या डब्यावर उघडतच नाही, ग्राफिक्स चालत नाही असा काहीतरी निरोप येतो. मी म्हटलं नाटकं करतो, खेळायला हवं असेल.

मोजपट्टी
पोरगा खरं बोलतोय! ब्लेंडर ४.० पासून ओपनजीएल (प्रोग्रॅम ग्राफिक्सशी बोलतो ती भाषा) ४.३ लागतं. तुमच्या आय५ मधलं इंटेल ग्राफिक्स विंडोजवर ४.० पर्यंतच जातं. एसएसडी घाला, सोळा जीबी रॅम घाला, ते उघडणार नाही. माझं "कार्ड शून्य" मागे घेतो.

जुना माग
हत्ती मीही मागे घेतो. पुतण्याला शेंगापोळी द्या.

गड्ड्यातला पाळणा
काका लोकांचा पोरांवर विश्वासच नाय. आमच्या काकांनी माझा प्रिंटर दोन वर्षं "गेम"च समजला.

होटगी रोड
मग जीटी १०३० घ्या. ३० वॅट, एक स्लॉट, लो प्रोफाइल, सगळीकडे मिळतं.

मोजपट्टी
थांबा थांबा. जीटी १०३० नावाची दोन कार्डं आहेत. २०१७ चं जीडीडीआर५ चं, आणि २०१८ मध्ये त्याच नावाने आलेलं डीडीआर४ चं. मेमरीचा वेग पहिल्याचा सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा १६.८. खोक्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय फरक कळत नाही. जीटी ७३० तर त्याहून वाईट, एका नावाखाली तीन वेगवेगळी कार्डं खपली. आणि १०३० मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा (व्हिडिओची फाइल बनवणारा) भागच नाही. ॲनिमेशनवाल्या पोराला पुढे व्हिडिओ काढताना त्याची आठवण येणार.

सातरस्ता
रेडिऑनचं आरएक्स ६४०० का नको? ५३ वॅट, एक स्लॉट, वेगळा प्लग नाही. गेमही बरे चालतात. (पुतण्या खेळणार नाही असं कुणी म्हणत असेल तर तो कधी अठरा वर्षांचा नव्हता.)

मोजपट्टी
गेमला बरं आहे, पण एन्कोडर त्यातही नाही, आणि स्लॉटच्या सोळांपैकी चारच लेन (माहिती जायच्या वाटा) वापरतं. जुन्या स्लॉटवर थोडी धार जाते. ब्लेंडरच्या रेंडरसाठी (अंतिम चित्र काढण्यासाठी) एनव्हिडिया बरं पडतं, कारण कुडा (कार्डाकडून हिशेब करून घ्यायची एनव्हिडियाची सोय). माझं मत ऑफिसातून निघालेल्या वर्कस्टेशन कार्डांना. क्वाड्रो पी६२० चाळीस वॅट, पी१००० सत्तेचाळीस, त्यानंतरचं टी६०० परत चाळीस आणि मेमरी ४ जीबी. सगळी एक स्लॉट, अर्धी उंची, वेगळा प्लग नाही. जणू स्लिम डब्यासाठीच कापलेली. यातलं टी६०० मिळालं तर ते घ्या, ट्युरिंग पिढीचं आहे. पी वाली आधीच्या पास्कल पिढीची, आणि जीफोर्समधल्या (एनव्हिडियाची घरगुती कार्डं) पास्कल कार्डांना ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेपुरतेच ड्रायव्हर.

एकच कटकट. पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, एचडीएमआयचा जोड सोबत मागून घ्या.

सातरस्ता
चाळीस वॅटच्या कार्डावर ब्लेंडर म्हणजे बैलगाडीतून पुण्याला जाण्यासारखं आहे. जीटीएक्स १६५० ची लो प्रोफाइल येते, ७५ वॅटमध्ये बसते.

होटगी रोड
१६५० लो प्रोफाइल दोन स्लॉट जाड असते. आणि त्याच नावाची बरीच मोठी कार्डं सहा पिनांचा प्लग मागतात. मी काय लिहिलं होतं वर?

चादरवाला
काल रविवारी डबा उघडला. उघडल्यावर आधी दिसलं ते कार्ड नाही, स्लॉट नाही, सूत! सीपीयूच्या पंख्यावर टॉवेलचा बारीक भुगा गादीसारखा बसलेला. कारखान्याला लागून ऑफिस असल्यावर दुसरं काय होणार. अर्धा तास ब्लोअर मारला, अंगणात पांढरं ढग झालं. पंखा बोटाने धरून ठेवा असं पुतण्याने सांगितलं, नाहीतर हवेने उलटा गरगरतो.

मग मोजलं. पॉवर सप्लायवर २४० वॅट लिहिलंय. निळा लांब स्लॉट थेट पॉवर सप्लायच्या पेटीच्या कडेला आहे, मध्ये पट्टी पुरती एकच फट. दोन स्लॉट जाड काही जाणार नाही. सहा पिनांची वायर नाही. सातरस्ता, तुमची १६५० गेली.

सातरस्ता
मान्य. फट बघून बोलायला हवं होतं.

मोजपट्टी
आकडे लावू. आय५ ३४७० चे ७७ वॅट, कार्डाचे ४०, बोर्ड-रॅम-डिस्क-पंखे मिळून चाळीसेक. १६० च्या घरात. २४० वर निवांत. मात्र पेटी जुनी आहे, आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये खोलीतच ४० च्या वर असतं, म्हणून मी काठावर कधी जात नाही.

शिलाई मशीन
सूत काढायचं काम महिन्यातून एकदा लावून घ्या. या छोट्या कार्डांचे पंखे बांगडीपेक्षा लहान असतात, आमच्याकडे लिंटने एक बंदच पडला होता. आणि कॉम्प्युटर जमिनीवर ठेवू नका, सगळा भुगा खालीच लोळतो.

पुणेरी पगडी
अजूनही सांगतो, टॉवर.

चादरवाला
पगडीसाहेब, तुमचं चूक नाही. पण हा डबा गल्ल्याच्या टेबलाखालच्या फळीत आडवा बसतो, टॉवर ठेवला तर मला उभं राहून बिलं करावी लागतील. विंडोज १० चं मात्र मनावर घेतलंय. बँकेची कामं या मशीनवरून काढून घेतली.

निवांत
ता.क. सेकंडहँड घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. डेलने २०२३ मध्ये परत एक ऑप्टिप्लेक्स ७०१० काढला, तेराव्या पिढीचा. नाव तेच. जाहिरातीत नुसतं "७०१०" लिहिलं असेल तर प्रोसेसर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेंगा संपल्या.

कडक भाकरी
आणि कार्ड सेकंडहँड घेताना जीपीयू-झेड हा कार्ड ओळखणारा प्रोग्रॅम चालवून बघा. जुन्या कार्डात नवं नाव भरून विकणारे आहेत. मला एकाने १०५० टीआय म्हणून दिलेलं त्या प्रोग्रॅमने उघड "फेक" दाखवलं. आत चार पिढ्या जुना माल होता. कुंडी त्याच डब्यावर आहे.

चादरवाला
बारा दिवसांनी येतोय. वृत्तांत देतो.

टी६०० मिळालं, वापरलेलं. विकणाऱ्याच्या दुकानातच जीपीयू-झेड चालवायला लावलं, नाव, मेमरी सगळं जुळलं. सोबत मिनी डिस्प्लेपोर्टचा जोड घेतला. २४० जीबीची एसएसडी आणि ४ जीबीची अजून एक पट्टी. एकूण बजेटच्या थोडं वर गेलं, किती ते घरी सांगितलेलं नाही.

मोजपट्टींची भविष्यवाणी खरी ठरली. पट्टी लांबच होती, छोटी हरवलेली. विकणारा म्हणाला पट्टीशिवाय चालतं. चालतं, पण वायर ओढली की कार्ड स्लॉटमध्ये झुकतं, ते मला पटेना. आमच्याकडे जॉबर आहेत, पस्तीस वर्षं मागच दुरुस्त करतात, कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. त्यांना लांब पट्टी दाखवली, डब्यातली रिकामी पट्टी काढून दाखवली. ते म्हणाले, "एवढंच?" पत्रा कापला, कानसने घासला, पोर्टांची भोकं पाडली, वरचा कान वाकवला. चहा यायच्या आत पट्टी तयार. मिलिमीटरचाही फरक नाही.

सगळं लावलं, बटण दाबलं, स्क्रीन काळी. माझा जीव खाली गेला. परत काढलं, परत लावलं, परत काळी. पुतण्या क्लासवरून आला, मागे वाकला, वायर बोर्डच्या पोर्टातून काढून कार्डाच्या पोर्टात घातली. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मोजपट्टी
कार्ड लावलं की या डब्यांत बोर्डचे पोर्ट बंद होतात. दोन्ही हवे असतील तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हिडिओच्या पानावर मल्टी-डिस्प्ले चालू करता येतं. आणि हे प्रत्येकाचं एकदा होतं. माझंही झालंय, तेही गिऱ्हाइकासमोर.

जुना माग
डिझाइनची फाइल किती वेळात उघडते आता?

चादरवाला
चहा ओतेपर्यंत. पण ते एसएसडीमुळे, कार्डामुळे नाही, तुम्ही म्हणालात तसंच. ब्लेंडर उघडतंय. पुतण्याने पहिलं काम काय केलं असेल तर आपल्याच टॉवेलची घडी बनवली, वर आमचंच मोराचं डिझाइन. एक चित्र निघायला वेळ बराच लागतो, सातरस्तांची बैलगाडी आठवते. पण ते चित्र एका व्यापाऱ्याला पाठवलं, त्याने विचारलं माल तयार आहे का. माल अजून मागावर चढलेला नाही.

सातरस्ता
बैलगाडीचे शब्द मागे.

कडक भाकरी
कुंडी खाली उतरवली आहे. चादरवाला, त्या जॉबरमामांना विचारून बघा ना, अजून एक पट्टी करून देतील का? माझं कार्डही बिनपट्टीचं पडून आहे. मापं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.